उसना घास

आलेखावर दोन रेषा होत्या आणि वर्षाच्या शेवटी त्या एकमेकींवर येऊन पडल्या होत्या.

नीलांबिका हुच्चेनं आकडे पुन्हा तपासले. ते बरोबर होते. निळी रेषा जिवाणूंची गोळी दिलेल्या म्हशींच्या श्वासातल्या मिथेनची होती. ती पावसाळ्याच्या तोंडाशी खाली आली, आणि ती तशी येईल अशी तिला आशा होतीच. करडी रेषा नुसत्या पिठाची गोळी दिलेल्या म्हशींची. ती वर्षभर सरळ जायला हवी होती. तुलनेसाठीच तर त्या म्हशी ठेवल्या होत्या. पण ऑगस्टनंतर तीही उतरू लागली आणि दिवाळी येईतो दोन्ही गटांतला फरक पुसला गेला.

चाचणीच्या भाषेत याचा अर्थ सरळ होता. औषध न दिलेलेही जर तितकेच बरे झाले, तर गुण औषधाचा नव्हे, दुसऱ्याच कशाचा तरी. आणि ते दुसरं काय हे सांगता येत नसेल, तर गवळी गल्लीतल्या म्हशींना मार्चअखेर शहर सोडावं लागणार होतं.

कोल्हापुरात संध्याकाळी म्हैस कट्ट्यावर आणतात आणि गिऱ्हाइकासमोर, त्याच्याच ग्लासात धार काढतात. नीलांबिकेच्या वडिलांनी जन्मभर हेच केलं. नव्या नागरी पशुधन नियमानं ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त मिथेन सोडणारं जनावर शहराच्या हद्दीत ठेवायला बंदी आली, तेव्हा गल्लीतले लोक म्हणाले की आता म्हशीच्या ढेकरावरही जकात बसली. नीलांबिकेला मात्र नियम चुकीचा वाटला नाही. मिथेन हवेत फार टिकत नाही, दहा-बारा वर्षांत विरतो. पण असतो तेवढ्या काळात कार्बन डायऑक्साइडच्या कितीतरी पट उष्णता धरून ठेवतो. वीस वर्षांचा हिशेब केला तर ऐंशीपट. म्हणजे आज तो कमी केला तर त्याचा गुण आपल्याच हयातीत दिसतो. हवामानाच्या बाबतीत अशी गोष्ट दुर्मीळ. हे ती गल्लीत सांगायची तेव्हा लोक ऐकून घ्यायचे, आणि मग कुणीतरी विचारायचं, "बाई, मोटारी कुठं हलवताय मग?"

म्हशी हलवाव्याच लागू नयेत म्हणून तिनं दुसऱ्या बाजूनं काम सुरू केलं. म्हशीच्या पोटाचा पहिला कप्पा म्हणजे एक मोठं पिंप. त्यात अब्जावधी जिवाणू वैरण आंबवतात. त्यातून हायड्रोजन सुटतो. तो साचला तर आंबवणं थांबेल, म्हणून एका वेगळ्या जातीचे सूक्ष्मजीव तो खाऊन टाकतात आणि त्याचा मिथेन करतात. म्हैस तो ढेकरावाटे बाहेर सोडते. लोक समजतात तसा मागून नव्हे. या सूक्ष्मजीवांना नुसतं मारून भागत नाही. हायड्रोजन खाणारं दुसरं कुणीतरी हवं.

ते दुसरं कुणीतरी राधानगरीच्या बाजूला विहिरीत पडलेल्या एका गव्यात सापडलं. वनखात्यानं त्याला भूल देऊन वर काढलं, तेव्हा नीलांबिकेच्या संशोधन संस्थेनं नळी घालून त्याच्या पोटातला रस घेतला होता. त्यात हायड्रोजन खाऊन त्याचं अ‍ॅसेटिक आम्ल करणारे जिवाणू भरपूर होते. हे आम्ल म्हणजे व्हिनेगरमध्ये असतं तेच. जनावराला ते पचतं आणि त्यातून ताकद मिळते. जो वायू आभाळात जायचा त्याचं दूध होणार होतं. जिवाणू निसर्गातलेच होते, त्यांच्यात काही फेरफार केलेला नव्हता. गल्लीनं त्यांना लगेच नाव दिलं: गव्याचं विरजण.

चाचणी आपल्याच गल्लीत घ्यावी असा आग्रह नीलांबिकेनं धरला, तेव्हा म्हशींना शहरात राहू द्यायचं की नाही हे ठरवणाऱ्या समितीचे अध्यक्ष डॉ. सामंत यांनी आक्षेप घेतला होता. तिचे वडीलच तिथले. त्यावर ती म्हणाली की कुठल्या गोठ्याला खरी गोळी आणि कुठल्याला पिठाची हे चिठ्ठ्या टाकून ठरवा, यादी तुमच्या कपाटात ठेवा, मलाही सांगू नका. तसंच झालं. फक्त एक अट गोठेवाल्यांवर होती. एका गोठ्यातलं काहीही दुसऱ्या गोठ्यात जाता कामा नये; पाणी नाही, वैरण नाही, जनावर नाही. गल्लीच्या वतीनं ही अट पाळण्याचा शब्द मल्लाप्पा हुच्चेंनी, म्हणजे तिच्या वडिलांनी दिला. अट मोडली तर म्हशी ठेवण्यासाठी केलेला सगळ्या गल्लीचा अर्ज रद्द करायचा अधिकार समितीला होता.

वर्ष संपलं, यादी उघडली. हुच्चेंचा गोठा पिठाच्या गोळीवाल्यांत निघाला, आणि त्यांच्या म्हशींचा मिथेन सगळ्यांत कमी होता.

डॉ. सामंतांनी फोन केला. ते भले गृहस्थ होते आणि नीलांबिकेचं काम त्यांना मनापासून आवडत होतं. ते म्हणाले, ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी गल्लीच्या तोंडापर्यंत आलं होतं. गव्हाणीवर बसवलेली श्वास मोजणारी यंत्रं भिजली असणार. तेव्हा जुलैपर्यंतचीच मोजमापं अहवालात घ्यावीत. तोवर फरक स्वच्छ दिसतो, समिती त्यावर मंजुरी देईल आणि म्हशी राहतील.

"हे खोटं नाही, नीलांबिका," ते म्हणाले. "फक्त अपुरं आहे."

तिनं विचार करून सांगते म्हटलं. यंत्रं खरंच भिजली असतील तर सामंतांचं म्हणणं बरोबर होतं. ते पडताळायचा मार्ग सोपा होता. दुसऱ्या दिवशी तिनं पिठाची गोळी दिलेल्या म्हशींच्या पोटातला रस तपासायला आणवला.

यंत्रं भिजली नव्हती. प्रत्येक म्हशीच्या पोटात गव्याचे जिवाणू होते, आणि नुसते पाहुणे म्हणून नव्हे, घर करून राहिलेले. ते वाऱ्यानं येत नाहीत, पाण्यातही टिकत नाहीत. हवा लागली की मरतात. कुणीतरी ते हातानं नेले होते.

ती कट्ट्यावर गेली तेव्हा मल्लाप्पा धार काढत होते. तीनचार गिऱ्हाइकं ग्लास धरून उभी होती. तिला पाहून एकजण म्हणाला, "आप्पा, डॉक्टरीणबाई आल्या. आता म्हशीला तोंड मिटून उभी राहायला सांगा." मल्लाप्पा हसले नाहीत. लेकीचा चेहरा त्यांनी पाहिला होता. त्यांनी गिऱ्हाइकं उरकली, म्हशीच्या पाठीवर थाप मारली आणि कट्ट्याच्या कडेला बसून तिला बसायची खूण केली.

तिनं विचारलं, पावसाळ्यात काय झालं.

त्यांनी जे सांगितलं ते असं. ऑगस्टात आठवडाभर झड लागली. उसाचं वाडं, म्हणजे शेंड्याची हिरवी वैरण, भिजलं, त्याला बुरशी धरली, आणि दुसरी वैरण यायला वाट नव्हती. ते खाऊन म्हशींची पोटं बसली. त्यांची चंद्रा रवंथ करायची थांबली, मान टाकून पडली. गल्लीतल्या निम्म्या गोठ्यांत हेच. पण निम्म्या गोठ्यांतल्या म्हशी, म्हणजे यादीप्रमाणे खरी गोळी मिळालेल्या, तेच वाडं खाऊन ठणठणीत उभ्या. तेव्हा करतात ते त्यांनी केलं. उभ्या असलेल्या म्हशीचा घास मागून आणला.

हा उपाय नीलांबिकेला लहानपणापासून ठाऊक होता. निरोगी म्हैस रवंथ करायला बसली, की वर आलेला घास जिभेच्या कडेनं हात घालून काढायचा, मुठीत दाबून धरायचा आणि तसाच आजारी म्हशीच्या घशात सोडायचा. तिला ठाऊक होतं, आणि तरी अटी लिहिताना आठवलं नव्हतं. पाणी, वैरण, जनावर, सगळं तिनं लिहिलं होतं. घास लिहिला नव्हता.

"कुणाच्या म्हशीचा?" तिनं विचारलं.

"ते सांगत न्हाईत."

हीसुद्धा गल्लीची रीत होती. घास मागितला तर नाही म्हणायचं नाही, आणि दिला-घेतला तर बोलायचं नाही. ज्याचं जनावर पडलं त्याला दुसऱ्याच्या दारात जाऊन हात पसरावा लागतो. त्याचा बोभाटा झाला तर पुढच्या खेपेला कुणी मागायला येणार नाही आणि जनावरं मरतील. पण अंदाज करायला तिला अवघड नव्हतं. शेजारचा ठणठणीत गोठा शंकरअण्णा दहीहांडेंचा होता. त्यांच्याशी मल्लाप्पांचं कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. दिवाळीच्या पाडव्याला म्हशी सजवून मोटारसायकलमागं पळवतात. मालकाच्या नुसत्या हाकेवर जी धावते ती खरी. एका पाडव्याला मल्लाप्पा चारचौघांत म्हणाले होते की शंकरअण्णाची म्हैस मालकामागं पळत नाही, गाडीला बांधलेल्या पेंढीमागं पळते. तिथं जे तुटलं ते तुटलं.

"आप्पा, तुम्ही शब्द दिला होता."

"व्हय, दिला व्हता. आणि म्हशीनं माझ्याकडं बघितलं तवा तुझा कागद काढून वाचत बसू व्हय?"

मग तिनं पुढचं सगळं त्यांना समजावून सांगितलं. जुलैपर्यंतचे आकडे दिले तर म्हशी राहतात. पूर्ण वर्षाचे दिले तर करडी रेषा का उतरली हे सांगावं लागेल. म्हणजे अट मोडली हे सांगावं लागेल, आणि मग अर्ज रद्द होऊ शकतो.

मल्लाप्पांनी धोतराच्या सोग्यानं हात पुसले. "मग जुलैपतूरचं दे की. म्हशी ऱ्हातील असं कर, निलू. मी तुझ्याकडं आजवर काय मागितलं न्हाई."

ते खरं होतं. शिकायला पाठवताना, लग्न नको म्हटल्यावर, पुण्याची नोकरी सोडून परत आल्यावर, त्यांनी तिच्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. ती म्हणाली, "तेवढं नका मागू, आप्पा." ते उठले, चंद्राचं दावं धरलं आणि तिला मागं सोडून गल्लीत शिरले. त्यानंतर समितीच्या सुनावणीच्या दिवसापर्यंत ते तिच्याशी बोलले नाहीत. घरी ताट वाढलेलं असायचं, फक्त माणूस समोर बसत नसे.

त्या दिवसांत ती प्रयोगशाळेत एकाच प्रश्नावर बसून होती. गोळीतले जिवाणू पोटात रुजायला दोन-अडीच महिने लागले होते, काही म्हशींत तर नीट रुजलेच नाहीत. मोठ्या जनावराचं पोट हे भरलेलं गाव असतं. नव्याला जागा मिळत नाही. मग घासातले जिवाणू दोन आठवड्यांत कसे रुजले? तिनं बुरशीच्या वाड्यानं बसलेल्या पोटाचे नमुने काढून पाहिले, तेव्हा उत्तर दिसलं. तिथले जुने जिवाणू आजारात मेले होते. गाव रिकामं पडलं होतं. त्या रिकाम्या जागेत घास आला. दाबून धरलेला, म्हणून आत हवा न लागलेला, लाळेत भिजलेला, आणि गव्याच्या जिवाणूंबरोबर त्यांचे सगळे सोबती घेऊन आलेला. गोळीत ती एकटी जात पाठवली होती. घासात बिऱ्हाडच्या बिऱ्हाड आलं होतं.

जुलैनंतरचे आकडे गाळले असते, तर हे कुणालाच कळलं नसतं. गोळी विकली जात राहिली असती आणि काही म्हशींत ती रुजलीच नसती.

सुनावणी संस्थेच्या सभागृहात होती, आणि नियमाप्रमाणे ती सर्वांना खुली होती. गवळी गल्ली झाडून आली होती. बायका पुढच्या रांगांत, पुरुष मागं भिंतीला टेकून. मल्लाप्पा एका कडेला, शंकरअण्णा दुसऱ्या कडेला. आसपासच्या गावांतलीही बरीच माणसं होती. ती का आलीत हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.

नीलांबिकेनं दोन्ही रेषा पूर्ण दाखवल्या. डॉ. सामंतांनी मान खाली घातली. तिनं सांगितलं की पिठाची गोळी दिलेल्या म्हशींमध्येही गव्याचे जिवाणू सापडले आहेत, म्हणजे गोठ्यांमधली अट मोडली गेली. अट लिहिताना ती स्वतः एक गोष्ट विसरली होती हेही तिनं सांगितलं, पण ती त्यावर रेंगाळली नाही. मग तिनं करडी रेषा एकटीच पडद्यावर ठेवली.

"ही रेषा चाचणीचं अपयश नाही," ती म्हणाली. "निळी रेषा माझ्या प्रयोगशाळेनं खाली आणली. ही करडी गवळी गल्लीनं आणली, हातानं, रवंथाच्या घासातून, आणि माझ्यापेक्षा लवकर. माझ्या गोळीपेक्षा हा उपाय चांगला आहे. आणि याची सुरुवात माझ्या घरातून झाली असावी असं मला वाटतं."

सामंतांनी विचारलं, याला पुरावा काय. जिवाणू सापडले हे ठीक, पण ते घासातूनच आले हे कोण सांगणार? कुणी कुणाला दिला, केव्हा दिला, हे कळल्याशिवाय समितीला हा नुसता तर्क वाटेल. तिनं लोकांकडे पाहिलं. रीत मोडायला सांगणं तिच्या तोंडी येईना.

मल्लाप्पा भिंतीपासून सुटून उभे राहिले.

"मी मागितला," ते म्हणाले. "माझी चंद्रा पडली व्हती. शब्द मी दिला व्हता, मीच मोडला. काय कारवाई करायची ती माझ्यावर करा." ते थांबले. नीलांबिकेला वाटलं ते आता बसतील. "माझ्या पोरीनं गप बसायचं ठरवलं असतं तर म्हशी ऱ्हात व्हत्या. मीच सांगितलं व्हतं तिला, गप बस म्हणून. ती बसली न्हाई. मग मी बसून कसं चालंल?"

सामंतांनी विचारलं, घास कुणाकडून घेतला.

"ते मी सांगणार न्हाई."

"माझ्याकडनं," पलीकडच्या कडेनं आवाज आला. शंकरअण्णा हाताची घडी सोडत होते. "मागच्या दारानं आला, डोक्यावर पोतं घिऊन. मला वाटलं चोर. बघतोय तर ह्यो. काय बोलला न्हाई, मीबी बोललो न्हाई. घास काढून दिला." मग सामंतांकडे पाहून ते म्हणाले, "लिहून घ्या सायेब. आणि हेबी लिवा की ज्या म्हशीचा घास ह्येच्या चंद्राला लागू पडला, ती मालकामागंच पळती."

सभागृह हसलं. मल्लाप्पाही हसले, आणि हसता हसता त्यांनी पंच्यानं तोंड पुसलं.

नीलांबिका पांढऱ्या फळ्यापाशी गेली. तिनं 'दहीहांडे' लिहिलं, तिथून बाण काढून 'हुच्चे' लिहिलं. तिसऱ्या रांगेतली एक गवळीण उठली आणि म्हणाली की आमचा मल्लाप्पांकडून आला. तिच्यामागचा माणूस म्हणाला, आमचा ह्या वैनींकडून. आता त्यांना थांबवणं अवघड होतं. इतकी वर्षं न बोललेलं सगळे एकदम बोलू लागले, आणि नीलांबिका त्यांना हात करून एकेकाला विचारत गेली: कुणाकडून, आणि म्हैस किती दिवसांनी उठली? फळ्यावर बाण फुटत गेले. पिठाची गोळी दिलेला प्रत्येक गोठा कुठल्या ना कुठल्या बाणाच्या टोकाला आला. तिच्या आलेखात पिठाच्या गोळीवाले गोठे ज्या क्रमानं उतरले होते त्याच क्रमानं नावं येत होती. सामंत चष्मा वर करून एकदा फळ्याकडे, एकदा आलेखाकडे पाहत होते.

मध्येच त्यांनी एक गंभीर गोष्ट विचारली. उद्या एखादा रोग असाच हातोहात गेला तर? नीलांबिका म्हणाली, जाऊ शकतो, आणि पूर्वी गेलाही असेल. म्हणूनच हे लपून होण्याऐवजी तपासून व्हायला हवं. घास देणारी म्हैस आधी आम्ही तपासायची, मग द्यायचा. सामंतांनी ते लिहून घेतलं. अट मोडली याची नोंद करावीच लागेल, ते म्हणाले, पण मिथेन का उतरला याचं कारण आता समितीसमोर आहे, आणि ते टिकणारं कारण आहे. म्हशींनी पुढच्या वर्षीच्या मोजणीपर्यंत शहरात राहावं अशी शिफारस मी करीन. गल्लीतल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. हायसं वाटल्याचा एक लांब श्वास तेवढा सगळ्या खोलीतून गेला.

ती मार्करचं टोपण लावत होती तेव्हा मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "आमचं ऱ्हायलं."

तो वडणग्याचा माणूस होता. वडणगे चाचणीत नव्हतं, शहरातही नव्हतं. त्याच्या मेहुण्याचा गोठा गवळी गल्लीत होता. त्यानं सप्टेंबरात घास नेला होता, आणि त्याच्याकडून गावातल्या अर्ध्या गोठ्यांनी. नीलांबिकेनं टोपण काढलं आणि फळ्याच्या कडेला वडणगे लिहिलं. कागलचे दोघे उठले. हुपरीची एक बाई उठली. तिनं घास निपाणीला बहिणीकडे पाठवला होता, मुठीत धरून, एसटीतून. तिच्या शेजारची आक्काताई म्हणाली की निपाणीचा पुढं चिकोडीला गेला, तिथं तिची लेक दिलीय. चिकोडीच्या पुढं कुठं गेला ते मात्र लेकीला विचारून सांगावं लागेल.

नीलांबिकेनं फळ्याच्या अगदी कोपऱ्यात चिकोडी लिहिलं. बाणाला पुढं जायला जागा उरली नाही. तिच्या संस्थेनं वर्षभर मेहनत करून जेवढ्या म्हशींपर्यंत गोळी पोचवली होती, त्याच्या कितीतरी पट म्हशी त्या फळ्यावर होत्या, आणि हे सगळं तिच्या आप्पांच्या गल्लीतून निघालं होतं. तिनं वडिलांकडे पाहिलं. मल्लाप्पा शंकरअण्णांच्या शेजारी येऊन उभे राहिले होते आणि बोटानं फळ्यावरचं काहीतरी त्यांना दाखवत होते.

डॉ. सामंतांनी शिपायाला दुसरा फळा आणायला पाठवलं. तो येईपर्यंत ती मार्कर हातात धरून उभी राहिली. मागच्या रांगांत माणसं अजून उठतच होती.